सकाळची शिळी थुंकी जखमेवर लावावी का? लाळेत जंतुनाशक असते ते नेमके काय?

प्रश्न: द्राक्षबागायतदार, तालुका तासगाव

आमच्या बागेत सध्या फळछाटणी सुरू आहे. चार दिवसांपूर्वी काडी छाटताना कात्री निसटली आणि डाव्या हाताच्या तर्जनीला पेराच्या वर अर्ध्या इंचाची चीर गेली. रक्त थांबल्यावर घरी आलो, तेव्हा माझ्या ७८ वर्षांच्या आजीने तिचा नेहमीचा उपाय सांगितला: उद्या पहाटे उठल्यावर चूळ भरायच्या आधी, पाण्याचा घोटही न घेता, तोंडातली शिळी थुंकी चिरेवर लाव, दोन दिवसांत सांधेल. लहानपणी पुटकुळी, नायटा, किडा चावल्याची गांधी अशा सगळ्यांवर तिने हाच उपाय केलेला मला आठवतो, आणि तिला तो तिच्या सासूने शिकवला होता.

मी जखम साबणाने धुऊन पट्टी बांधली आणि थुंकी लावली नाही. त्यामुळे आजी दुखावली. तिला उत्तर देण्यासाठी मी थोडे वाचले, तर मलाच पेच पडला, कारण माणसाच्या लाळेत लायसोझाइम नावाचा पदार्थ असतो आणि तो जंतूंना फोडतो, असे वाचनात आले. हे खरे असेल तर आजीचे म्हणणे चुकीचे कसे? पहाटेच्या थुंकीत हा पदार्थ खरोखर जास्त साठलेला असतो का? आणि लाळ जर इतकी जंतुनाशक असेल, तर चोवीस तास तिच्यातच बुडालेले माझे दोन दात किडले कसे? शेडवरचा आमचा कुत्रा स्वतःच्या जखमा चाटून बऱ्या करतो आणि माझे बोटही चाटायला येतो. त्याला चाटू द्यावे का?

एक गोष्ट कदाचित या विषयात बसणार नाही, पण लाळेचाच संबंध आहे म्हणून लिहितो. गेले वर्षभर आजीचे तोंड सारखे कोरडे पडते. शाळूची भाकरी ती आमटीत पार भिजवल्याशिवाय गिळू शकत नाही, आणि तोंडाला ओल राहावी म्हणून दिवसभर खडीसाखरेचा खडा गालात धरून असते. वयाप्रमाणे असे होते, असे आम्ही समजत आलो आहोत.

जाणकारांनी सविस्तर लिहावे. आजीला मला आदराने आणि पटेल असे उत्तर द्यायचे आहे.

उत्तर: एक दंतवैद्य, मिरज

आधी बोटाचे सांगतो. आपण जखम साबणाने धुतली हे योग्यच केले. बागेतली कात्री आणि माती लागलेली जखम आहे, तेव्हा धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन आजच विचारून घ्यावे. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कोंबांना, हायड्रोजन सायनामाइड या विषारी रसायनाचे पेस्टिंग करतात. त्या दिवसांत कापलेले बोट सवयीने तोंडात घालणे, हे थुंकीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी धोक्याचे आहे.

आता लाळेकडे येऊ. आजींचे म्हणणे निराधार नाही, हे त्यांना पहिल्यांदा सांगावे. लाळेत जंतूंशी झुंजणारे पदार्थ आहेत आणि त्यांची संख्या डझनांनी मोजावी लागते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातला नव्व्याण्णव टक्के भाग पाणीच असतो आणि उरलेल्या एका टक्क्यात हे सगळे सैन्य मावलेले असते. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत: कानापुढची, म्हणजे गालगुंडात सुजते ती, जबड्याखालची आणि जिभेखालची. त्यांच्याशिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या आहेत.

लायसोझाइमबद्दल आपण वाचलेले खरे आहे. जंतूच्या पेशीभोवती एक भिंत असते आणि ती साखरेच्या साखळ्यांची, हळदीच्या पोत्यासारखी उभी-आडवी विणलेली असते. लायसोझाइम त्या विणीतला ठरावीक टाका तोडतो. टाके उसवले की आतल्या दाबाने पेशी फुगते आणि फुटते. पण बऱ्याच जंतूंना या पोत्यावरून आणखी एक चरबीयुक्त आवरण असते, आणि तिथे एकट्या लायसोझाइमचा हात विणीपर्यंत पोचत नाही. तिथे लॅक्टोफेरिन उपयोगी पडते. हे प्रथिन दुधात असते, आणि गाय व्याल्यावरच्या चिकात, ज्याचा आपण खरवस करतो त्यात, ते अधिक असते. त्याचे मुख्य काम लोह पकडून ठेवण्याचे आहे. जंतूंना वाढायला लोह लागते, आणि लॅक्टोफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन अणू घट्ट धरून बसतो, त्यामुळे जंतूंची उपासमार होते. शिवाय ते वरच्या आवरणालाही चिकटून ते ढिले करते आणि लायसोझाइमला वाट करून देते.

मला स्वतःला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती पेरॉक्सिडेजची व्यवस्था. तोंडातले काही जंतू जगता जगता हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर टाकतात. लाळेतले पेरॉक्सिडेज हे विकर ते उचलते, लाळेतल्याच थायोसायनेटशी त्याची क्रिया घडवते आणि त्यातून हायपोथायोसायनाइट नावाचे द्रव्य तयार होते. हे द्रव्य जंतूंची साखर पचवण्याची यंत्रणा बंद पाडते, पण आपल्या गालाच्या पेशींना इजा करत नाही. मूळ हायड्रोजन पेरॉक्साइडने मात्र त्यांना इजा झाली असती. म्हणजे जंतूंनी टाकलेला माल त्यांच्यावरच उलटवला जातो आणि त्याच वेळी आपलेही संरक्षण होते.

याखेरीज लाळेत आयजीए प्रकारची प्रतिपिंडे असतात. आपले शरीर रोज इतर सगळ्या प्रतिपिंडांची बेरीज केली तरी तिच्याहून अधिक आयजीए बनवते. ती जंतूला मारत नाहीत, त्याला धरून ठेवतात, आणि त्यामुळे तो दाताला किंवा गालाला चिकटू शकत नाही. लाळेला तार येते ती ज्यांच्यामुळे, ती म्युसिन नावाची प्रथिनेही हेच करतात. ती जंतूंचे पुंजके बांधतात, पुंजका लाळेबरोबर गिळला जातो आणि जठरातल्या आम्लात त्याचा शेवट होतो. आणि हिस्टॅटिन नावाच्या लहानशा प्रथिनांचा रोख मुख्यतः बुरशीवर असतो. कँडिडा ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात असतेच, पण ती डोके वर काढत नाही, त्यात हिस्टॅटिनचा मोठा वाटा आहे.

आता आपण विचारलेला कळीचा मुद्दा: मग दात किडतात का? वर लिहिलेल्या यादीतली बहुतेक कामे जंतूला मारण्याची नाहीत. त्याला उपाशी ठेवणे, चिकटू न देणे, गोळा करून वाहून नेणे अशी ती कामे आहेत. लाळ हा वाहता प्रवाह आहे आणि तिचे निम्मे संरक्षण त्या वाहण्यात आहे. दातावर जंतूंचा थर एकदा जमून घट्ट झाला की थराच्या तळाशी लाळ नीट पोचत नाही. वरून गोड पदार्थ मिळाला की तळातले जंतू आम्ल तयार करतात. तिथला सामू (पीएच; तो जितका खाली तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. लाळेतले बायकार्बोनेट हे आम्ल मारते आणि अर्ध्या ते एक तासात सामू पूर्ववत होतो. लाळेतच असलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट मग दातात परत बसते. ही झीज आणि भर रोज चालते. दर अर्ध्या तासाने काही गोड तोंडात गेले तर भर घालायला वेळच उरत नाही आणि दात किडतो.

शिळ्या थुंकीचे उत्तरही यातच आहे. झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. आपण गिळतोही फार कमी. एरवी एक मिलिलिटर लाळेत दहा कोटींच्या आसपास जंतू असतात, आणि रात्रभर ना धुणे ना वाहणे, त्यामुळे पहाटे ते आणखी वाढलेले असतात. सकाळी तोंडाला येणारा वास हा त्यांचाच आहे. तेव्हा पहाटेच्या थुंकीत औषध साठलेले नसते, जंतू साठलेले असतात. तोंडात ते जंतू आपल्या जागी असतात आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतात. बोटाच्या चिरेत, स्नायुबंधाजवळ गेले की तेच पू करतात. मारामारीत दुसऱ्याच्या दातावर मूठ आपटून बोटाच्या सांध्याला खोक पडली, तर ती किती लवकर चिघळते हे अपघात विभागात काम केलेल्या कोणालाही विचारावे. मधुमेही माणसाने तर जखम चाटण्याचा विचारही करू नये.

तरीही आजींच्या सासूबाईंना गुण दिसला असेल, तो का, हेही सांगितले पाहिजे. तोंडातली जखम अंगावरच्या जखमेपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून भरते, हे आम्ही रोज दात काढल्यावर पाहतो. लाळेने रक्त लवकर गोठते. २००८ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले की लाळेतले हिस्टॅटिन-१ पेशींना जखमेच्या काठावरून आत सरकायला मदत करते. ते काम प्रयोगशाळेत पेशींच्या थरावर झाले होते, आणि पहाटेच्या थुंकीत हिस्टॅटिनबरोबर जो जंतूंचा भार येतो तो तिथे नव्हता. साधी चीर, पुटकुळी किंवा किड्याची गांधी तीन-चार दिवसांत आपोआपही बरी होते, आणि श्रेय लावलेल्या वस्तूला मिळते. नायटा मात्र बुरशीचा आजार आहे, त्याला औषधच लागते.

शेवटी, आपण विषयात बसणार नाही म्हणून जे लिहिले, ते मला बोटापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. लाळ वयामुळे एवढी आटत नाही. ७८ वर्षांच्या बाईंचे तोंड वर्षभर कोरडे असेल, तर बहुधा त्यामागे एखादे औषध, मधुमेह किंवा लाळग्रंथींचा आजार असतो. आणि अशा तोंडात दिवसभर खडीसाखर धरणे म्हणजे वर लिहिलेली झीज सतत चालू ठेवणे, तेही भर घालणारी लाळ नसताना. त्या कोणकोणत्या गोळ्या घेतात? दात किती आहेत, कवळी आहे का? खालच्या पुढच्या दातांच्या हिरडीलगत तपकिरी रेघ दिसते का, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या आहेत का, कवळीखालचा टाळू लालभडक आहे का? दवाखान्यात आम्ही तपासणीचा छोटा आरसा गालाच्या आतल्या बाजूला टेकवतो. ओल्या गालावरून तो सहज घसरतो, कोरड्या गालाला चिकटतो आणि सोडवताना गाल ओढला जातो.

घरीही एक साधे मोजमाप करता येते. खाण्यापिण्याला तास-दीड तास झाल्यावर मान खाली घालून शांत बसावे, काहीही न चघळता जमेल ती लाळ दहा मिनिटे लहान वाटीत पडू द्यावी आणि नंतर ती सुई नसलेल्या सिरिंजने ओढून मोजावी. निरोगी माणसाची दहा मिनिटांत तीन-चार मिलिलिटर भरते. एकापेक्षा कमी भरली, तर लगेच तपासून घेतले पाहिजे.

उत्तर: निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, कराड

डॉक्टरांनी लायसोझाइमची यंत्रणा सांगितली आहे, मी त्याच्या शोधाची हकीकत जोडतो, कारण प्रश्नकर्त्यांच्या शंकेचे अर्धे उत्तर त्या हकीकतीतच आहे. १९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतू वाढवण्याच्या ताटलीवर टाकून पाहिला. काही दिवसांनी ताटलीवर पिवळ्या जंतूंच्या वसाहती उगवल्या होत्या, पण शेंबडाच्या जवळपास त्या नव्हत्या आणि थोड्या अंतरावरच्या विरघळून काचेसारख्या झाल्या होत्या. मग त्यांनी अश्रू, लाळ, अंड्यातला पांढरा बलक असे एकेक तपासले आणि जवळजवळ सगळीकडे तोच पदार्थ सापडला. अश्रूंसाठी ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळत. १९२२ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पेनिसिलिन त्यांच्या हाती लागले ते १९२८ साली, म्हणजे सहा वर्षांनंतर.

फ्लेमिंग यांच्या लक्षात एक निराशाजनक गोष्टही आली होती. लायसोझाइम सर्वांत जोरात विरघळवते ते बहुधा निरुपद्रवी जंतूंना, आणि माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंवर त्याचा परिणाम फार कमी होतो. यावर थोडा विचार केला तर हे असेच असायला हवे, असे दिसते. जो जंतू अश्रू, शेंबूड आणि लाळ यांच्यातल्या लायसोझाइमने मरतो, तो आपल्याला आजारी पाडेपर्यंत टिकतच नाही. रोगकारक म्हणून ज्यांची नावे पाठ्यपुस्तकात आली, ते जंतू या पहाऱ्यातून पार झालेले आहेत. म्हणून लाळेतले जंतुनाशक खरे असूनही ते चिघळलेल्या जखमेवरचे औषध होऊ शकत नाही. ज्यांना ते अडवते त्यांची नावे आपल्या कानांवर येत नाहीत, एवढे त्याचे यश मोठे आहे.

वर्गात मी लायसोझाइम दाखवायचो ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाने, कारण मुलांच्या लाळेने असा प्रयोग करणे स्वच्छतेला धरून नव्हते. कराडमधल्या एका महाविद्यालयातल्या मित्राकडून मी फ्लेमिंग यांचाच तो पिवळा, निरुपद्रवी जंतू मिळवला होता. त्याचे पाण्यातले गढूळ द्रावण दोन परीक्षानळ्यांत घ्यायचे, एकीत पाणी मिसळून पातळ केलेल्या बलकाचे काही थेंब टाकायचे आणि दोन्हींच्या मागे छापील मजकुराचा कागद धरायचा. थोड्या वेळात एका नळीतून अक्षरे दिसू लागत आणि दुसरी तशीच गढूळ राहत असे. त्या क्षणी शेवटच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येत.

आणखी एक मुद्दा आहे, तो आपल्या भागातल्या ताटाशी जोडलेला आहे. पालक, मेथी, बीट यांच्यात नायट्रेट भरपूर असते. ते रक्तात शोषले गेल्यावर लाळग्रंथी ते रक्तातून उचलतात आणि रक्ताच्या कित्येक पटींनी दाट करून लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जंतू त्याचे नायट्राइट करतात. ते गिळले की जठरातल्या आम्लात त्यातून नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये तयार होतात आणि अन्नाबरोबर आलेल्या जंतूंना ती भारी पडतात. म्हणजे या व्यवस्थेत आपल्या तोंडातल्या जंतूंनाच कामाला लावलेले आहे. जंतुनाशक गुळण्या कारण नसताना रोज करणारे लोक हा दुवा तोडतात, हे मला फार सांगावेसे वाटते. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी सांगितल्या असतील तर जरूर कराव्यात.

उत्तर: पशुवैद्य, सातारा जिल्हा

कुत्र्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, आणि ते स्पष्ट आहे: त्याला आपले बोट चाटू देऊ नये.

कुत्र्याच्या चाटण्यात त्याच्यापुरता अर्थ आहे. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठात बेंजामिन हार्ट आणि कॅरन पॉवेल यांनी दाखवले की कुत्र्याची लाळ इ. कोलाय आणि एका प्रकारच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंना मारते. व्यालेली कुत्री स्वतःचे सड आणि पिलांचे अंग चाटते, त्याचा हा उपयोग आहे. उंदराच्या लाळेत तर जखम भरायला मदत करणारे वृद्धिघटक इतके असतात की स्टॅन्ली कोहेन यांना तसा पहिला घटक उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीतच सापडला. वृद्धिघटकांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या संशोधिकेबरोबर त्यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण चाटून चाटून जखम आणखी मोठी केलेली कुत्रीही माझ्याकडे दर आठवड्याला येतात. ती जखम चाटू नयेत म्हणून आम्ही त्यांच्या गळ्यात घेराची कॉलर घालतो.

माणसाच्या बाबतीत यापुढे वादच उरत नाही. कुत्र्याच्या तोंडातले पाश्चुरेला आणि कॅप्नोसायटोफॅगा हे जंतू त्याला त्रास देत नाहीत, पण आपल्या जखमेत देतात. आणि रेबीजचा विषाणू लाळेतूनच येतो, लाळेतली कोणतीही संरक्षक व्यवस्था त्याला अडवत नाही. कुत्रा चावला तरच इंजेक्शन घ्यायचे, असा आपल्या वस्त्यांवर मोठा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात उघड्या जखमेला किंवा डोळा-तोंडाच्या ओल्या त्वचेला संशयित जनावराची लाळ लागणे हे तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरले आहे, आणि रक्त येईल असा चावाही त्याच वर्गात आहे. असे झाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन दोन्ही घ्यावीत. सांगली भागात हळद हाताशी असते, पण अशा जखमेत हळद, चुना किंवा तिखट भरू नये. शेडवरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घेता का, हे आपण लिहिलेले नाही. राहून गेली असेल तर याच आठवड्यात टोचून घ्यावी.

उत्तर: सातारा शहरातील एक वाचक

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांच्या गालाचा कर्करोग तंबाखूमुळे झाला आणि त्यांना किरणोपचार घ्यावे लागले. ते वाचले. पण किरणांच्या वाटेत लाळग्रंथी आल्या आणि लाळ गेली, तेव्हा लाळ म्हणजे काय हे आमच्या घराला कळले. पहिल्या महिन्यात ती डिंकासारखी दाट झाली आणि नंतर जवळजवळ थांबली. भाकरीचा घास तोंडात घेतला की वाळू चावल्यासारखे वाटते, असे ते म्हणत. जिभेवर पांढरी बुरशी आली, ती औषधाने गेली आणि पुन्हा आली. दीड वर्षात, कधीही न किडलेले त्यांचे दात हिरडीलगत काळे पडून एकेक करून मोडले.

उपचार सुरू होण्याआधी दात तपासून घ्या, रोज फ्लोराइडचे जेल लावा, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ते आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. म्हणून प्रश्नकर्त्यांना हात जोडून विनंती करते की आजींचे कोरडे तोंड वयाच्या खात्यावर टाकू नका. वडील आता उशाशी पाण्याची बाटली ठेवतात, दर दहा मिनिटांनी घोट घेतात आणि जेवण ताकात किंवा आमटीत कालवून खातात. त्यांच्या डॉक्टरांनी लाळ वाढवणाऱ्या पिलोकार्पिनच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी थोडा फरक पडला.

प्रश्नकर्ता, तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. कुत्र्याची लस खरोखर राहून गेली होती, ती काल टोचून आणली. माझेही धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. बोट आता कोरडे आहे आणि चीर मिटत आली आहे.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. दुपारच्या चहाला दीड तास झाल्यावर आजी आणि मी सोप्यात शेजारी शेजारी, हातात एकेक वाटी घेऊन, मान खाली घालून बसलो. आजी आधी लाजत होती, पण मी बसलो म्हणून बसली. दहा मिनिटांनी माझ्या वाटीतली लाळ सिरिंजमध्ये ओढली, ती चार मिलिलिटर भरली. आजीच्या वाटीच्या तळाला फक्त एक चिकट, फेसाळ ठिपका होता आणि सिरिंजमध्ये तो अर्ध्या मिलिलिटरच्या रेघेपर्यंतही आला नाही. तिने दोन्ही सिरिंजा उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडातलं औषधच आटलंय म्हण की." त्यानंतर थुंकीच्या उपायावरून आमच्यात वाद राहिला नाही. लाळेत औषध असते हे तिचे म्हणणे मी मान्य केले, आणि ते तोंडातच राहू द्यावे हे माझे म्हणणे तिने मान्य केले.

डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे अशी आहेत. वरची कवळी आहे, ती रात्रीही काढत नाही. कवळीखालचा टाळू लाल आहे. खाली पुढचे सहा दात स्वतःचे आहेत आणि त्यांतल्या चारांवर हिरडीलगत तपकिरी रेघ आहे, ती आम्ही मिशेरीचा डाग समजत होतो. मिशेरी तिने दहा वर्षांपूर्वी सोडली आहे. गोळ्या तीन आहेत: रक्तदाबाच्या दोन, आणि रात्री सारखे लघवीला उठावे लागते म्हणून गेल्या वर्षी सुरू झालेली एक. तोंड कोरडे पडायला लागले तेही गेल्या वर्षीच. हा संबंध आज लिहिताना पहिल्यांदा लक्षात आला. ती गोळी बंद करू का?

उत्तर: दंतवैद्य, मिरज

स्वतःहून बंद करू नये. लघवीच्या त्रासावरच्या काही गोळ्या ज्या मज्जातंतूंच्या संदेशाने मूत्राशय आकुंचन पावते तो संदेश अडवतात, आणि लाळग्रंथींनाही तोच संदेश लागतो, म्हणून लाळ आटते. आपल्या आजींची गोळी त्यांतलीच आहे का, हे पाकिटावरचे नाव पाहून कळेल. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना अर्ध्या मिलिलिटरचे हे मोजमाप सांगावे. मात्रा कमी करणे किंवा दुसरी गोळी देणे बहुतेकदा शक्य असते. रक्तातली साखरही याच भेटीत तपासून घ्यावी.

तोवर खडीसाखर आजपासून बंद करावी. लिंबाच्या गोळ्याही नकोत, कोरड्या तोंडात त्यांचे आम्ल दातावरच बसते. तोंड ओले ठेवायला साध्या पाण्याचे लहान घोट पुरेत. फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत आणि रात्री घासल्यावर खळखळून चूळ न भरता फक्त थुंकून टाकावे. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. टाळूवरचा लालपणा कवळीखालच्या बुरशीचा असण्याची शक्यता आहे, त्यावर बुरशीचे औषध लागेल, आणि ते टाळूबरोबर कवळीच्या आतल्या बाजूलाही लावावे लागते. खालच्या चार दातांवरची रेघ अजून वरवरची असेल तर ते दात वाचवता येतील.

तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत. कवळी घालून यावी आणि त्या दिवशी सकाळी ती घासू नये, म्हणजे तिच्यावरचा नमुना घेता येईल.